पोटांची परात

भिंतीवरच्या टीव्हीत टाय लावलेला एक गृहस्थ सांगत होता की यंदा देशाचं उत्पन्न साडेतीन टक्क्यांनी वाढणार. किमहियोने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता वाडग्यात कातरलेलं आलं टाकलं, वरून पांढरी मिरपूड भुरभुरली आणि म्हणाली, "ह्याने सकाळी काय खाल्लं ते विचारा आधी. मग टक्क्यांचं बघू."

दुकान हसलं. पहाटेचे साडेपाच वाजले होते. ताइनानच्या जुन्या मासळीबाजारामागच्या बोळात तिची सतरा स्टुलं भरली होती आणि अठरावा माणूस भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेज पीत होता.

असं बोलायचा आपल्याला अधिकार आहे याबद्दल किमहियोला कधीच शंका वाटली नव्हती. सव्वीस वर्षं ती दूधमासा विकत होती. डोकं, पोट, आतडी, कातडी, सगळं वेगळं काढून, बर्फावर मांडून. आतडी सहाच्या आत संपायची, दिवस बरे असोत की वाईट. ती खाणारे वेडेच असतात आणि वेड्यांवरून देशाचा अंदाज बांधता येत नाही. पण पोटांची परात आणि पेजेचं पातेलं, या दोघांवर तिची नजर असायची. माशाचं पोट म्हणजे तोंडात विरघळणारा, सगळ्यात महागडा तुकडा. पेज म्हणजे उरलेल्या तुकड्यांची, मिठाची, पोट भरायची. पोटांची परात सातच्या आत रिकामी झाली की समजावं, माणसांच्या खिशात काहीतरी खुळखुळतंय. पातेल्याचा तळ आधी खरवडला गेला आणि पोटं दहापर्यंत बर्फावर डोळे लावून पडली, की समजावं, कंबर कसा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ही तिची परीक्षा, आणि सव्वीस वर्षांत ती फक्त दोनदा नापास झाली होती.

या परीक्षेवर एक माणूस आपलं वर्ष लावायचा. तो तिचा दीर तिकसेंग. चिगूच्या खाडीकाठी त्याची दूधमाशांची दोन तळी होती आणि कालवांच्या मांडवांपर्यंत जायला एक होडी. दर वर्षी वसंतात, थडगी साफ करायच्या सणाच्या आधी, तो दुकानात यायचा, डोकं मागवायचा, ते निवांत चोखायचा आणि शेवटी एवढंच विचारायचा, "वहिनी, यंदा किती बीज सोडू?" ती सांगायची तेवढी पिल्लं तो तळ्यात सोडायचा. मग दोघं किमहियोच्या नवऱ्याच्या थडग्यावर जायची, तण उपटायची, उदबत्ती लावायची आणि तिकसेंग थोरल्या भावाला आकडा सांगायचा.

नवरा जिवंत होता तेव्हा आकडा तोच द्यायचा. एका वर्षी त्याने नुसत्या उत्साहात "भर, दोन्ही तळी काठोकाठ भर" म्हटलं होतं. त्या वर्षी माशाला कुणी विचारलं नाही, मासे तळ्यातच राहिले आणि जानेवारीच्या थंडीने एका रात्रीत सगळे उताणे केले. तिकसेंगने त्यावर भावाला आयुष्यात एक शब्द ऐकवला नाही. किमहियोच्या मनात मात्र ते घर करून बसलं होतं. नवरा गेल्यावर अकरा वर्षं ती आकडा देत होती आणि दर वेळी देण्याआधी दहा दिवस परातीकडे डोळ्यांत तेल घालून बघायची.

यंदा गडबड झाली ती टीव्हीमुळे.

नवीन वर्षाच्या सुट्टीनंतर यूनजू नावाची एक वार्ताहर मुलगी 'ताइनानची न्याहारी' असं काहीतरी टिपायला आली. वाडग्याचे फोटो काढता काढता तिने सहज विचारलं, "मावशी, धंदा कसा आहे?"

"धंदा माझा विचारतेस की देशाचा?" किमहियो म्हणाली. "माझा बरा आहे. देशाचा बघायचा तर ही परात बघ."

झालं. मुलीने न्याहारी सोडली आणि परात धरली. संध्याकाळी किमहियो टीव्हीवर होती, हातात डाव, कपाळावर घाम, खाली अक्षरं फिरत होती, 'पोटांचा निर्देशांक काय सांगतो?' दुसऱ्या दिवशी दुसरी वाहिनी आली. आठवड्यात टाय लावलेले दोन गृहस्थ स्टुडिओत बसून तिच्या परातीवर वाद घालू लागले. किमहियोने केस रंगवून घेतले. बोलताना ती जरा थांबून थांबून बोलू लागली, म्हणजे लिहून घेणाऱ्याला सोपं जावं. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं.

त्यातच नगरपरिषदेच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली, आणि ती जागा नेमकी त्यांच्याच भागातली.

दुकानातलं भांडण काही नवं नव्हतं. ओंग टॅक्सी चालवायचा आणि सरकारपक्षाचा कट्टर होता. लू मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, विरोधी पक्षाचे, तितकेच कट्टर. पंधरा वर्षं दोघं एकाच टेबलाशी बसून भांडत होते, कारण भांडायला इतकं सोयीचं माणूस दुसरीकडे मिळत नव्हतं. पण आता भांडण तोंडातून वाडग्यात उतरलं.

"मावशी, एक पोट दे! मोठं बघून दे," ओंग दारातूनच ओरडायचा. "काय दिवस आलेत! भाड्यांना तोटा नाही. गाडीला श्वास घ्यायला फुरसत नाही."

"गाडी उभी असते म्हणून श्वास ऐकू येत नसेल," लू मास्तर म्हणायचे. "मला पेज, किमहियो. नुसती पेज. या सरकारच्या राज्यात पेन्शनरला दुसरं काय परवडणार?"

"मास्तर, तुमच्या पेन्शनीत माझ्यासारखे तीन ड्रायव्हर पोसले जातील."

"तीन नको, एकच पोसला तरी डोकं उठतं."

हे दोघांचंच असतं तर ठीक होतं. पण ओंगच्या मागे अख्खा टॅक्सीचा अड्डा पोटं मागवू लागला आणि मास्तरांच्या मागे सकाळच्या कवायतीचे सगळे म्हातारे पेज. टीव्हीचा कॅमेरा आला की आवाज दुप्पट व्हायचा. किमहियोला वाटायचं, लोकांना तिच्या परातीत गोडी वाटू लागली आहे. टॅक्सीवाले संख्येने जास्त होते, त्यामुळे परात सहा वाजून चाळीस मिनिटांनी रिकामी होऊ लागली. इतकी लवकर ती सव्वीस वर्षांत झाली नव्हती.

सणाला दहा दिवस राहिले तेव्हा तिकसेंग आला. डोकं चोखून झालं. "वहिनी, यंदा किती सोडू?"

दारात त्या दिवशी एक कॅमेरा उभा होता. किमहियो जरा थांबली, हात पुसले, आणि म्हणाली, "भावजी, यंदा भरा. हात आखडू नका."

तिकसेंगने मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "शेजारचा त्याची दोन तळी भाड्याने देतोय. चार होतील. होडी विकून टाकीन म्हणतो. कालवं काय, आता गुडघ्यांना झेपत नाहीत. गिऱ्हाईक आहे, सणाच्या आदल्या दिवशी सकाळी येणार आहे. काढू का?"

"चारही भरा," किमहियो म्हणाली. कॅमेऱ्यातला लाल दिवा चालू होता.

तिला खोट दिसायला आठ दिवस लागले, आणि दाखवली ती लू मास्तरांच्या बायकोने. दहा वाजता, गर्दी ओसरल्यावर, त्या डबा घेऊन मागच्या दाराने आल्या.

"दोन पोटं दे गं. चांगली जाड दे."

"पाहुणे आलेत का?" परात कधीच रिकामी झाली होती, किमहियोने घरासाठी बाजूला ठेवलेली दोन पोटं काढली.

"कसले पाहुणे! मास्तरांनाच. महिना झाला, तुझ्याकडून न्याहारी करून येतात आणि दहा वाजता भूक भूक करत घर डोक्यावर घेतात."

"पेजेने नाही भरत होय?"

"पेज पक्षाची," बाई म्हणाल्या. "भूक त्यांची स्वतःची. आणि माझं नाव सांगू नकोस हं, मी आले हे त्यांच्या मित्रांना कळलं तर मास्तर घराबाहेर पडायचे नाहीत."

बाई गेल्या. किमहियो हसली, मग हसू अर्ध्यावरच थांबलं. दुसऱ्या दिवशी, सणाच्या आदल्या सकाळी, तिने ओंगवर लक्ष ठेवलं. ओंगने नेहमीसारखं ओरडून पोट मागवलं. अर्धं खाल्लं. मग इकडेतिकडे बघून खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, उरलेलं अर्धं तीत सरकवलं, गाठ मारली. किमहियो त्याच्यामागून गल्लीत गेली.

"ओंग, घरी कोण आजारी आहे का रे?"

ओंग दचकला. पिशवी पाठीमागे गेली. "नाही गं मावशी. ते आपलं... बायकोला दुपारच्या भाताबरोबर होतं. माझंही होतं."

"तुझ्या गाडीला श्वास घ्यायला फुरसत नाही ना?"

"ते टेबलावरचं." तो चप्पल जमिनीवर घासत राहिला. "दिवसाला चार भाडी मिळाली तर देव पावला. पण मास्तरांपुढे कसं सांगू? आमच्या लोकांचं ठरलंय, निवडणुकीपर्यंत पोटच मागवायचं. दुपारी जेवत नाही मग कुणी कुणी."

"अरे गाढवांनो," किमहियो म्हणाली. आवाज मात्र तिला जितका हवा होता तितका चढला नाही.

ती आत आली आणि परातीपुढे उभी राहिली. सातच्या आत रिकामी. चकाचक. दोन्हीकडची माणसं ताकाला जाऊन भांडं लपवत होती आणि त्यांनी तिच्या परातीला खोटं बोलायला शिकवलं होतं. छे, माणसांना कशाला नावं ठेवायची? परातीत खोटेपणा शिरला तो ती टीव्हीवर गेली त्या दिवशी. जी गोष्ट गुपचूप बघायची, ती तिने चव्हाट्यावर मांडली होती. आणि त्या खोट्या परातीवर तिने तिकसेंगला चार तळी भरायला सांगितलं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. खाडीवर असला की तिकसेंग फोन झोपडीत खुंटीला टांगून जायचा. घड्याळात साडेसात झाले होते. गिऱ्हाईक सकाळीच यायचं होतं. एव्हाना होडी गेली असेल.

तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. मग ती मागच्या अंगणात गेली, कारण पुढे बसलेल्यांना तिचं तोंड दिसावं अशी तिची इच्छा नव्हती.

मागे आचाव भांडी घासत होती. सत्तरीची, पाठीत वाकलेली, एकोणीस वर्षं या दुकानात भांडी घासणारी. बोलणं तिला माहीत नव्हतं असं नाही, पण तिला कुणी बोलतं केलं नव्हतं. किमहियो पालथ्या बादलीवर बसली आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, "आचावताई, तुला काय वाटतं? दिवस कसे आहेत?"

आचावने वाडगा विसळला, पालथा घातला, कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसले.

"मांजरं गेली," ती म्हणाली.

"कुठली मांजरं?"

"मागची. पाच होती. तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासनं इथंच, त्यांच्या आया, आज्या. नव्या वर्षानंतर एकेक करून गेली. पिवळी पहिली गेली, ती बदकवाल्याच्या भिंतीवर असते आता. लंगडी गेल्या आठवड्यात."

"का गेली?"

"राहून काय चाटतील? हे बघ." आचावने खरकट्याची बादली पायाने पुढे सरकवली. किमहियोने वाकून बघितलं. माशांची डोकी होती, पण डोकी म्हणायची तेवढीच. गालाचं मांस नाही, डोळा नाही, कवटीतला मगज शोषून काढलेला. पोटाचे काटे धुतल्यासारखे पांढरे. आल्याचा कातरासुद्धा नाही.

"ह्यात पोटवाल्यांचं कुठलं आणि पेजवाल्यांचं कुठलं?"

"सगळे वाडगे सारखेच येतात," आचाव म्हणाली. "पूर्वी लोक गाल टाकायचे. रस्सा टाकायचे. मला एक एक वाडगा आधी बादलीत ओतावा लागायचा. आता धुवायला उरतंच काय? मला काय, बरंच आहे, काम हलकं झालं."

किमहियो त्या पांढऱ्या काट्यांकडे बघत राहिली. मागवताना माणूस चारचौघांत बोलतो. चोखताना तो एकटाच असतो. आणि मांजर कुठल्याच पक्षाचं नसतं. सव्वीस वर्षं ती पुढच्या बाजूला उभी राहिली होती, आणि खरी परात मागे, आचावच्या पायाशी होती.

"मला आधी का नाही सांगितलंस गं?"

"तू विचारलं नाहीस," आचाव म्हणाली. "शिवाय टीव्हीवाल्यांशी बोलत होतीस."

दुपारी यूनजूचा फोन आला. उद्या सणाच्या सकाळी थेट प्रक्षेपण. मतदानाआधीचा शेवटचा रविवार, सगळा देश बघणार. "मावशी, फार बोलायचं नाही. परात रिकामी झाली की मी विचारीन, दिवस बरे की वाईट. एका शब्दात सांगायचं." किमहियो हो म्हणाली. फोन ठेवला आणि तिकसेंगला पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

त्या संध्याकाळी तिला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. होडी तर गेलीच असणार. उद्या खरं सांगितलं तर होडी काही परत यायची नाही, उलट सगळ्या देशापुढे हात दाखवून अवलक्षण. गप्प राहिलं तर काय बिघडतं? टाय लावलेले गृहस्थ दर वर्षी चुकतात, त्यांना कोण विचारायला जातं? ती नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला गेली, आणि फोटोतला तो नेहमीसारखा उत्साहात हसत होता. "भर म्हणालास ना," ती त्याला म्हणाली, "आणि नंतर कधी चुकलो म्हणाला नाहीस. वाट बघत होता रे तुझा भाऊ. मरेपर्यंत बघेल." मग ती जाऊन शांत झोपली. किमहियो अशीच होती. ठरेपर्यंत घालमेल, ठरल्यावर घोरणं.

सकाळी बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. एका टोकाला सरकारपक्षाच्या टोप्या, दुसऱ्या टोकाला विरोधकांचे झेंडे, मधे यूनजू, कॅमेरा, तारा. गर्दीच्या मागे, खांबाला टेकून, तिकसेंग उभा होता, सणाचा धुतलेला सदरा घालून. किमहियोने त्याच्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली. त्यावरून काहीच कळलं नाही.

"पोट!" "पोट!" "पेज!" "मावशी, इकडे दोन पोटं!" "पेज, किमहियो, पातळ!" ती वाढत राहिली. सहा वाजून दहा मिनिटांनी परात रिकामी झाली. सहा वाजून बारा मिनिटांनी पातेल्याचा तळ वाजला. टोप्यांनी टाळ्या पिटल्या, झेंडे ओरडले, "तळ बघा, तळ दाखवा!"

यूनजूने माईक पुढे केला. "मावशी, आता सगळा देश ऐकतोय. दिवस बरे की वाईट?"

किमहियोने हात पुसले. या वेळी ती थांबून थांबून बोलली नाही.

"ही परात खोटी आहे," ती म्हणाली. "आणि मी दोन महिने तुमच्यासमोर बडबडले तेही चुकीचं. इथले अर्धे लोक पक्षासाठी पोट मागवतात आणि अर्धे पक्षासाठी पेज. असल्या वाडग्यांवरून कळायचं काय, बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. तुमचा तो टायवाला माझ्या परातीवरून काही सांगत असेल तर त्याला म्हणावं, थांबव."

"म्हणजे... दिवस कसे आहेत हे कळत नाही?" यूनजूचा चेहरा पडला.

"कळतं की. मी चुकीच्या बाजूला उभी होते. चल मागे. कॅमेरा घे."

आणि सगळा देश मागच्या अंगणात गेला. आचावने कॅमेरा बघून फडकं तोंडाला लावलं. किमहियोने बादली उजेडात ओढली. "ही डोकी बघा. गाल आहे का एकाला? काटे बघा. हे पोट मागवणाऱ्यांचे आणि हे पेजवाल्यांचे, सांगा ओळखून. आणि ही ताटली मांजरांची. पाच होती. पिवळी आधी गेली, आता एक राहिलेलं नाही. हे मला या बाईने सांगितलं, एकोणीस वर्षं हिला सगळं माहीत आहे. लोक जेवतायत, उपाशी नाहीत, पण टाकत काही नाहीत. दुपारचं जेवण चुकवून सकाळी शान मारतायत. कुणाला तळी भरायची असतील, दुकान वाढवायचं असेल, त्यांनी यंदा हात आखडावा. एवढंच. आणि माझा एक माणूस आहे, त्याला मी चुकीचं सांगितलं. त्याचं नुकसान झालं असेल तर ते माझ्यामुळे झालं."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. तिने तो तसाच फाटू दिला.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. झेंडेवाले नाचायला लागले, "बघा, बाईच म्हणतात हात आखडा!" टोपीवाले ओरडले, "मांजरं? मांजरांवरून देश चालतो का?" लू मास्तर सगळ्यांत मोठ्याने, "मी म्हणतच होतो!" म्हणाले, त्यावर किमहियोने त्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं, आणि मास्तरांना एकदम आपला चष्मा पुसायची आठवण झाली. ओंगने टोपी काढून खिशात घातली, मास्तरांशेजारी बसला आणि म्हणाला, "मावशी, पेज उरलीय का? खरवडून दे."

आठपर्यंत बोळ रिकामा झाला. टोप्या आणि झेंडे दोघंही आपण जिंकलो असं समजून गेले. यूनजू जाताना आचावचा फोन नंबर मागत होती. आचावकडे फोनच नव्हता.

तिकसेंग आत येऊन नेहमीच्या स्टुलावर बसला. किमहियोने त्याच्यासाठी बाजूला ठेवलेलं डोकं वाढलं, समोर बसली आणि एकदाचं विचारून टाकलं, "किती आले होडीचे?"

"विकली नाही."

"गिऱ्हाईक आलं नाही?"

"आलं होतं. परत पाठवलं. शेजारच्या तळ्यांचा कागदही सही न करता तसाच आहे." त्याने डोक्याचं एक हाड सोडवलं, चोखलं, बाजूला ठेवलं. "काल दिवसभर खाडीत होतो, संध्याकाळी तुमचे फोन बघितले, पण उलट केला नाही. वाटलं, तुम्ही रागवायला करताय."

"पण मी तर भरा म्हणाले होते! अकरा वर्षं माझं ऐकता आणि यंदाच..."

"त्या दिवशी तुम्ही थांबून थांबून बोलत होता ना," तिकसेंग म्हणाला, वाडग्यात बघत, "टीव्हीवर बोलता तशा. म्हटलं, हे टीव्हीवाल्यांना सांगतायत. वहिनी मला सांगतील तेव्हा बघू."

किमहियोने उगाचच टेबल पुसायला घेतलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. सव्वीस वर्षं ती माणसं वाचत होती, आणि हा खाली मान घालून डोकं चोखणारा मुखदुर्बळ माणूस अकरा वर्षं तिला वाचत होता.

"एकच तळं भरा," शेवटी ती म्हणाली. "दुसऱ्यात अर्धं सोडा. होडी राहू द्या. गुडघ्यांना तेल लावा."

"बरं," तिकसेंग म्हणाला. "दादाला तेच सांगतो."

तो चोखत राहिला. शेवटी डोकं एका बाजूने पांढरं झालं, आणि दुसऱ्या बाजूचा गाल, चांगला गुबगुबीत, त्याने तसाच कडेला सरकवला. किमहियोने बघितलं.

"हे काय?"

"मांजरांना," तो ओशाळून म्हणाला. "पिवळी येईल कदाचित परत."

"भावजी," किमहियो म्हणाली, "आता तुम्हीपण खोटं मत टाकणार? भूक आहे ना?"

"आहे."

"मग खा तो. मुकाट्याने खा. माझी बादली बिघडवू नका."

तिकसेंग हसला. बोटांनी गाल उचलला, खाल्ला, आणि हाडही चोखून ठेवलं. आचावने वाडगा उचलला तेव्हा त्यात धुवायला काही नव्हतं.